उत्प्रेरक नामानिराळा राहतो का? बायो-ऑइल, झिओलाइट आणि धातू



गेल्या दोन व्याख्यानांत आपण 'कारण' या कल्पनेविषयी बोललो. न्याय-वैशेषिकांनी कारणाचे तीन प्रकार मानले, समवायी, असमवायी आणि निमित्त. घड्याचं उदाहरण आठवा. घड्याचे भाग हे समवायी कारण, त्या भागांचा संयोग हे असमवायी कारण, आणि कुंभार, त्याचं चाक, त्याचा दांडा हे निमित्त कारण. चाक घड्यात उतरत नाही. घडा झाला की ते पुढच्या घड्याला मोकळं. त्यावर एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, मग रसायनशास्त्रातला उत्प्रेरक म्हणजे निमित्त कारणच ना? तो क्रिया घडवतो आणि स्वतः नामानिराळा राहतो."

प्रश्न चांगला आहे, आणि 'हो' म्हणून मोकळं होण्यासारखा नाही. मी रसायनशास्त्राचा माणूस नव्हे, तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. पण कार्यकारणभावाची परीक्षा शब्दकोशात होत नाही, ती एखाद्या खऱ्या प्रक्रियेतच करावी लागते. म्हणून आज एकच प्रक्रिया घेऊ: काडीकचऱ्यापासून तेल काढणं, आणि ते तेल धातू बसवलेल्या झिओलाइटवरून नेऊन सुधारणं. हा विषय पैशाचा आहे, धोरणाचा आहे आणि शेतकऱ्याच्या बांधावरचाही आहे. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन शेती-जैवभार निघतो आणि त्यातला सुमारे २३ कोटी टन 'शिल्लक' असतो. 'शिल्लक' या शब्दाकडे शेवटी येऊ.

धूर पकडायचा

कोळसा कसा पाडतात, तुमच्यापैकी काहींनी बघितलं असेल. लाकडं रचायची, वर पाला-माती लिंपायची, आत धग ठेवायची पण हवा कोंडायची. लाकूड पेटत नाही, करपतं. दोन-चार दिवस धूर निघतो आणि शेवटी कोळसा उरतो. कोळसा पाडणाऱ्याच्या दृष्टीनं तो धूर वायाच गेला. आपल्याला मात्र नेमका तो धूर हवा आहे, कारण त्यात लाकडाचे तुटलेले रेणू वाफेच्या रूपात बाहेर पडत असतात. हवेविना उष्णतेनं पदार्थ असा फोडणं म्हणजे पायरोलिसिस.

कोळसा हवा असेल तर सावकाश तापवा. तेल हवं असेल तर उलट घाई करायला पाहिजे. माल वाळवून बारीक करायचा, तो क्षणात साधारण ५०० अंश सेल्सिअसला न्यायचा, आणि निघालेली वाफ दोनेक सेकंदांच्या आत बाहेर काढून थंड करायची. थांबलात तर वाफेतले तुकडे आणखी तुटून गॅस होतात, नाहीतर एकमेकांना चिकटून घट्ट होतात. हे नीट जमलं तर वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या ६० ते ७५ टक्के इतका काळपट, जळका वास येणारा द्रव मिळतो. उरलेला भाग कोळसा आणि गॅस. ते जाळून भट्टीला लागणारी उष्णता बरीचशी निघते.

इथे आपल्या परंपरेतला एक जुना वाद सांगायचा मोह आवरत नाही. कच्चा काळा घडा आव्यात भाजला की लाल होतो. बदल नेमका कुठे होतो? वैशेषिक म्हणाले, घडा आत परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांतून पुन्हा घडा जुळतो. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, छे, घडा आहे तसाच राहतो, अग्नी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि अख्ख्या घड्याचा रंग बदलतो. हा पिठरपाकवाद. आपल्या पूर्वजांना पेट्रोरसायन ठाऊक होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण 'तापवल्यावर मोडतं काय आणि टिकतं काय' हा प्रश्न त्यांनी काटेकोरपणे विचारला होता, आणि आज आपल्याला तोच विचारायचा आहे.

हे तेल तेल नव्हे

बायो-ऑइल हे नाव फसवं आहे. तेल म्हटलं की आपल्याला डिझेल किंवा गोडेतेल आठवतं. हा द्रव त्या जातीचा नाही. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असतं. त्याची आम्लता सामू २ ते ३ इतकी, म्हणजे व्हिनेगरच्या आसपास. साध्या पोलादाच्या टाकीला तो खातो. डिझेलमध्ये तो मिसळत नाही. साठवून ठेवला तर दिवसागणिक घट्ट होतो. कच्च्या खनिज तेलासारखं ऊर्ध्वपातन करायला गेलात तर बराचसा भाग भांड्याच्या तळाशी डांबरासारखा बसतो. आणि जाळल्यावर किलोमागे १६ ते १९ मेगाज्यूल उष्णता देतो, डिझेल ४२ च्या पुढे देतं.

या सगळ्या दोषांचं मूळ एकच: ऑक्सिजन. खनिज तेलात ऑक्सिजन नावापुरता असतो, या द्रवात वजनाच्या ३५ ते ४० टक्के. ॲसेटिक आम्ल, फर्फुराल, फिनॉलच्या जातीची संयुगं, साखरेचे अवशेष, अशी शेकडो संयुगं त्यात असतात आणि जवळपास प्रत्येकात ऑक्सिजन बसलेला असतो. म्हणून 'तेल सुधारणं' याचा अर्थ मुख्यतः एवढाच की ऑक्सिजन काढायचा.

मग काढा की! अडचण कुठे आहे? अडचण हिशेबात आहे. कागद-पेन्सिल घ्या.

हायड्रोजनची तंगी

लाकडाचा मोठा भाग सेल्युलोज. त्याच्या एका दुव्यात कार्बन ६, हायड्रोजन १० आणि ऑक्सिजन ५. ऑक्सिजन बाहेर काढायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाणी करून काढणं. एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागतात. पाच ऑक्सिजनला लागले दहा. आपल्याकडे किती होते? दहाच. म्हणजे सगळा ऑक्सिजन पाणी करून काढला तर हायड्रोजन संपला आणि हातात राहिला निव्वळ कार्बन, म्हणजे कोळसा. तेल शून्य.

याच्या शेजारी मिथेनॉल ठेवून बघा. कार्बन १, हायड्रोजन ४, ऑक्सिजन १. पाणी काढून टाकलं तरी एका कार्बनमागे दोन हायड्रोजन शिल्लक, म्हणजे जवळजवळ पेट्रोलचंच प्रमाण. म्हणूनच न्यूझीलंडमध्ये मोटुनुई इथे १९८५ साली मिथेनॉलपासून पेट्रोल करणारा मोठा कारखाना चालू होऊ शकला. तोही झिओलाइटवरच चालायचा. मिथेनॉल हा ऐपतदार, काडीकचरा हा हायड्रोजनच्या बाबतीत कफल्लक. एकाला जमलं म्हणून दुसऱ्याला जमेल असं नाही.

मग मार्ग दोन. एक, बाहेरून हायड्रोजन विकत आणायचा आणि प्रचंड दाबाखाली तेलात घालायचा. हे तंत्र रिफायनऱ्यांना माहीत आहे, पण हायड्रोजन आज बहुतेक करून नैसर्गिक वायूपासून येतो आणि त्याचा खर्च मोठा. दुसरा मार्ग असा की ऑक्सिजनला पाण्याऐवजी कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडच्या रूपात घालवायचं. हायड्रोजन वाचतो, पण आता कार्बन जातो. काहीतरी गमवावंच लागतं. काय गमवायचं, एवढंच आपल्या हातात.

असा सौदा कसा दिसेल? ग्लुकोजचे ११ रेणू घ्या. त्यांतून टोल्यूइनचे ६, कार्बन मोनॉक्साइडचे २४ आणि पाण्याचे ४२ रेणू होतात असं मांडलं तर दोन्ही बाजू बरोबर जुळतात, घरी करून बघा. ६६ कार्बनपैकी ४२ इंधनात आले, म्हणजे साधारण ६४ टक्के. आणि वजनात? १०० किलो साखरेतून २८ किलो टोल्यूइन. कारखाना कितीही उत्तम चालवा, या मार्गानं १०० किलोचे ५० किलो होणार नाहीत. ही मर्यादा यंत्राची नाही, पदार्थाची आहे. समवायी कारणात जे नाही ते निमित्त कारण कुठून आणणार?

उकळणारा दगड

आता झिओलाइटकडे. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं एक खनिज तापवलं तेव्हा त्यातून वाफ येऊन ते उकळल्यासारखं दिसलं. त्यावरून त्यानं ग्रीक शब्दांतून नाव दिलं, 'उकळणारा दगड'. आपल्या महाराष्ट्राला तर हा दगड परका नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट असे झिओलाइट इतके सुंदर सापडतात की जगभरच्या संग्रहालयांत पुणे, नाशिक, जळगावकडचे नमुने मांडलेले आहेत. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

झिओलाइटच्या आत अतिसूक्ष्म, एकसारख्या मापाच्या वाटा असतात. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम हे ऑक्सिजनच्या चौकटीत गुंफलेले असतात. जिथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं तिथे एक ऋण भार उरतो. तो भागवायला एक हायड्रोजनचा धन भार जवळ येऊन राहतो. ती जागा म्हणजे तीव्र आम्लाची जागा. दगडाच्या पोटात आम्ल, असं समजा.

आपल्या कामाचा झिओलाइट खाणीतला नव्हे, प्रयोगशाळेतला आहे. नाव झेडएसएम-५. मोबिल कंपनीच्या आर्गॉअर आणि लँडोल्ट यांच्या नावे त्याचं पेटंट १९७२ चं. त्याच्या वाटांची रुंदी सुमारे ०.५५ नॅनोमीटर. बेंझीन, टोल्यूइन, पॅरा-झायलीन यांच्या रेणूंचं मापही जवळपास तेवढंच. बायो-ऑइलची वाफ या वाटांत शिरली की आम्लाच्या जागांवर तिच्यातला ऑक्सिजन सुटतो, छोटे तुकडे जुळून कड्या होतात, आणि ज्यांचं माप बसतं तेच बाहेर पडतात. चाळणी आणि चूल एकाच ठिकाणी.

पण लाकडातल्या लिग्निनचे तुकडे मोठे असतात. ते आत शिरत नाहीत, तोंडाशीच अडकतात आणि करपून काजळी धरते. तिला कोक म्हणतात. आतही हायड्रोजनची तंगी असल्यामुळे कोक होतोच. मघाचा हिशेब आठवा, पाणी जास्त निघालं की कोळसा जास्त उरणार.

धातू काय करतो?

इथे धातू येतो. निकेल, कोबाल्ट, लोह, गॅलियम यांपैकी एखाद्या धातूचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात झिओलाइट भिजवायचा, वाळवायचा आणि हवेत सुमारे ५०० अंशांवर भाजायचा. धातूचं प्रमाण वजनाच्या एक ते पाच टक्क्यांच्या आसपास. बस, एवढंच.

प्रत्येक धातूचा स्वभाव निराळा. निकेल आणि कोबाल्ट ऑक्सिजनची बाहेर पडायची वाट बदलतात. पाण्याचा वाटा कमी करून कार्बनच्या वायूंचा वाढवतात, म्हणजे हायड्रोजन राखतात. गॅलियमचं काम वेगळं आहे. छोट्या रेणूंमधून हायड्रोजन वायूरूपानं सोडवायचा आणि कडी जुळवायला मदत करायची. आम्लाची जागा आणि गॅलियम दोघं मिळून जे करतात ते एकट्यानं होत नाही. अमेरिकेत ह्यूबर यांच्या गटानं २०१२ मध्ये लाकडावर गॅलियमयुक्त झेडएसएम-५ वापरून बेंझीनवर्गीय संयुगांत सुमारे ४० टक्क्यांची वाढ नोंदवली. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेत फ्रेंच आणि चेर्निक यांनी अनेक उत्प्रेरक एका रांगेत तपासले. सर्वांत पुढे आले ते निकेल, कोबाल्ट, लोह आणि गॅलियम घातलेले झेडएसएम-५. हायड्रोकार्बनचं उत्पन्न? वजनाच्या साधारण १६ टक्के. मघाच्या २८ शी ताडून बघा. सोळा हा आकडा ऐकून नाक मुरडू नका. छतच इतक्या खाली आहे.

आणि धातू जास्त घातला तर? वाटा बुजतात, आम्लाच्या जागा झाकल्या जातात. निकेल जास्त झालं तर रेणू इतके फोडतं की तेलाचा गॅस होतो. मिठासारखं आहे हे. चिमूटभर हवंच, मूठभर घातलं की भाजी गेली.

मग उत्प्रेरक नामानिराळा आहे का?

पाठ्यपुस्तकातली व्याख्या सांगते की उत्प्रेरक क्रियेचा वेग बदलतो आणि शेवटी मूळ रूपात शिल्लक राहतो. व्याख्या म्हणून ती बरोबर आहे. एका रेणूच्या एका फेरीपुरतं बघितलं तर आम्लाची जागा खरंच पुन्हा मोकळी होते, कुंभाराच्या चाकासारखी. पण तासाभराचा हिशेब घ्या. वाटांत कोक साठला, वेग मंदावला. मग उत्प्रेरक बाहेर काढून हवेत कोक जाळावा लागतो. जाळताना पाण्याची वाफ होते, ती तापलेली वाफ चौकटीतलं ॲल्युमिनियम हळूहळू ढिलं करते. धातूचे कण सरकून एकत्र येतात, मोठे होतात.

आणि सर्वांत चिवट शत्रू म्हणजे राख. काडीकचऱ्यात पोटॅशियम, कॅल्शियम असतं. पोटॅशियम आम्लाच्या जागेवर जाऊन बसलं की ती जागा मेली. कोक जाळता येतो, पोटॅशियम जाळता येत नाही. चांगल्या लाकडात राख एखादा टक्का असते, भाताच्या पेंढ्यात १५ टक्क्यांच्या पुढेही जाते. म्हणून प्रयोगशाळेत पाइनच्या लाकडावर जमलेलं आपल्या पेंढ्यावर किंवा पाचटावर तसंच जमेल असं धरून चालता येत नाही. उपाय आहेत. माल आधी धुऊन घ्यायचा, किंवा पायरोलिसिस एका भांड्यात आणि उत्प्रेरक दुसऱ्या भांड्यात ठेवायचा, म्हणजे राख पहिल्यातच राहते. पण दुसरं भांडं आलं की खर्च आला.

तेव्हा त्या श्रोत्याला माझं उत्तर असं. एका फेरीच्या पातळीवर उत्प्रेरक निमित्त कारण आहे. कारखान्याच्या पातळीवर तो झिजणारा, मळणारा, मरणारा घटक आहे. चाकसुद्धा झिजतंच, पण शंभर घड्यांत झिजत नाही म्हणून आपण त्याला हिशेबाबाहेर ठेवतो. इथे ठेवता येत नाही. 'नामानिराळा' हा शब्द आपण किती वेळाचा हिशेब मांडतो त्यावर अवलंबून आहे.

कोलंबसची गोष्ट

हा फरक केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कोलंबस इथे कायॉर नावाच्या कंपनीनं लाकडापासून उत्प्रेरकी पायरोलिसिसनं इंधन करायचा व्यापारी कारखाना उभारला. पुण्यात जन्मलेले गुंतवणूकदार विनोद खोसला यांचं मोठं पाठबळ होतं. मिसिसिपी राज्यानं ७५ दशलक्ष डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं. २०११ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. कारखाना ठरल्या क्षमतेच्या जवळपासही चालला नाही, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. रसायन खोटं नव्हतं. एका टनातून किती तेल, आणि किती दिवस अखंड, हे दोन आकडे जमले नाहीत. त्याचा भार शेवटी करदात्यांवर आणि त्या गावात रोजगाराची आशा धरून बसलेल्या माणसांवर पडला.

याच तंत्राची दुसरी वाट अमेरिकेतल्याच ॲनेलोटेक कंपनीनं धरली. त्यांनी पेट्रोलचा नाद सोडून बेंझीन, टोल्यूइन, झायलीन रसायन म्हणूनच विकायचं ठरवलं, पॅरा-झायलीनपासून बाटल्यांचं प्लॅस्टिक होतं. मला हा विचार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडेही बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्क्याच्या वर चालत नाही. झिओलाइट जे देतो ते थेट गाडीत ओतायचं नसतंच.

'शिल्लक' म्हणजे कोणाची?

आता तो शब्द. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या अजूनही कित्येक घरांत चुलीला लागतात, कुडाला लागतात. पाचट शेतात कुजवलं तर जमिनीत सेंद्रिय अंश जातो. कारखान्याच्या तक्त्यात जे 'शिल्लक', ते कोणाचं तरी सरपण असतं किंवा जमिनीचं देणं असतं. उलट, जे खरोखर बांधावर पेटवून दिलं जातं त्याचं तेल झालं तर चांगलंच आहे. कचरा हा वस्तूचा गुण नाही, तो आपला आणि वस्तूचा संबंध आहे. हे ठरवायला रसायनशास्त्र पुरत नाही, त्या गावात जाऊन विचारावं लागतं.

म्हणून 'काडीकचऱ्यापासून पेट्रोल' अशी बातमी वाचाल, किंवा गावात कोणी असा प्रकल्प घेऊन येईल, तेव्हा चार प्रश्न विचारा. एक, १०० किलो वाळलेल्या मालातून ऑक्सिजन काढलेलं तेल किती किलो? कोणी ५० म्हणालं तर हायड्रोजन कुठून आणता, असं विचारा. दोन, उत्प्रेरक किती वेळा जाळून पुन्हा वापरला, आणि शेवटच्या फेरीत उत्पन्न किती होतं? पहिल्या फेरीचा आकडा सगळेच सांगतात. तीन, प्रयोग कोणत्या मालावर केला, लाकडावर की आपल्या पेंढ्यावर? चार, हा माल आज कोण वापरतं, आणि त्याला बदल्यात काय मिळणार?

हे प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. उत्तर देणाऱ्याकडे आकडे असतील तर तो ते आनंदानं देईल, आणि नसतील तर तेही लगेच कळेल.

पुढच्या वेळी 'मर्यादा' या कल्पनेकडे वळू. अशक्य आणि अवघड यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न आहे. तोवर ग्लुकोजचा तो हिशेब मात्र एकदा स्वतः मांडून बघा.